ताटातला भात कोणत्या आचेवर शिजला?

सहल म्हटली की जेवणाचा प्रश्न आलाच. पूर्वी लोक दशम्या आणि चटणी बांधून घेत. आता वाटेतल्या खानावळीत, हॉटेलात किंवा देवस्थानाच्या प्रसादालयात पंगत बसते. अलीकडे यांतल्या काही ठिकाणी ‘पर्यावरणस्नेही’ अशी पाटी दिसते. पाटीवर हिरवं पान रंगवलेलं असतं, टेबलावर मातीचा पेला असतो, कोपऱ्यात झाडांच्या कुंड्या असतात. बसल्यावर आपल्याला बरं वाटतं. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं असणं वेगळं. पाटी खरी आहे की नाही हे ठरवायचं तर काहीतरी मोजायला हवं. मोजता येईल असं या जेवणात काय आहे?

खरं तर पुष्कळ आहे. धान्य पिकवायला लागलेलं पाणी, ते आणायला जळलेलं डिझेल, भांडी घासायचं पाणी, ताटात उरलेलं अन्न. या सगळ्यांचा हिशेब एका लेखात मावणार नाही. म्हणून आम्ही एकच धागा धरायचं ठरवलं आहे, तो म्हणजे आच. समोरच्या ताटातला भात कशावर शिजला, इथून सुरुवात करू.

शंभर अंशांचं काम

भात शिजायला किती तापमान लागतं? वर्गात विचारलं तर बरीच मुलं मोठमोठे आकडे सांगतात. उत्तर साधं आहे. उघड्या पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. भात, वरण, उसळ, रस्साभाजी, खिचडी हे सगळे ‘शंभर अंशांचे पदार्थ’ आहेत. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, इतकंच.

आता गॅसच्या ज्योतीकडे पाहू. तिचं तापमान दीड-दोन हजार अंशांच्या घरात असतं. म्हणजे शंभर अंशांचं काम करायला आपण दीड-दोन हजार अंशांची आच वापरतो. शिवाय तिच्यातली बरीच उष्णता पातेल्याच्या बाजूने वर निघून जाते. काम शंभर अंशांचं असेल तर ते कमी तापमानाच्या उष्णतेनेही होऊ शकेल, ही शक्यता इथेच दिसते.

ऊन हा अशा उष्णतेचा साठा आहे. निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण एक हजार वॅट इतकी ऊर्जा पडते. दोन-तीन चौरस मीटर ऊन म्हणजे घरातल्या गॅसच्या एका बर्नरएवढी शक्ती झाली. तरीही उन्हात ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी उकळत नाही, कारण पातेलं तापू लागलं की ते आपली उष्णता भोवतीच्या हवेला देऊ लागतं. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. काचेच्या झाकणाची सौरपेटी हेच करते. दुसरा उपाय म्हणजे आरशांनी पुष्कळ जागेवरचं ऊन थोड्या जागेत गोळा करायचं.

ही दुसरी कल्पना नवी नाही. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात आपल्या मुंबईतच आरशांची सौरचूल बनवली होती. सात सैनिकांचा शिधा तिच्यावर ऐन जानेवारीत दोन तासांत शिजला, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. १८७८ साली त्याने या प्रयोगांवर पुस्तकही लिहिलं.

सूर्य सरकतो, पातेलं कुठे ठेवायचं?

सातांचा स्वयंपाक ठीक आहे. पण हजारोंची पंगत असेल तर? इथे एक मोठी अडचण येते. अंतर्गोल आरसा किरण एकत्र आणतो ते त्याच्या नाभीपाशी. पण सूर्य एका जागी थांबत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून आपल्याला सूर्य तासाला १५ अंश सरकताना दिसतो. सूर्य सरकला की किरण एकत्र येण्याची जागाही सरकते. साध्या अन्वस्ताकार आरशाला म्हणूनच सतत सूर्याकडे वळवावं लागतं आणि त्याबरोबर पातेलंही फिरतं. शंभर किलो भाताचं पातेलं घेऊन आचाऱ्याने सूर्यामागे फिरावं, हे काही शक्य नाही.

या अडचणीची दोन सुरेख उत्तरं भारतातल्या दोन भोजनगृहांत वापरली गेली. एक तमिळनाडूत, पुद्दुचेरीजवळ ऑरोविल इथे, आणि दुसरं आपल्या शिर्डीला. दोन्ही ठिकाणी प्रवासी जेवतात. दोन्हींमागची भूमिती मात्र एकमेकींच्या उलट आहे.

पहिलं उत्तर: आरसा स्थिर, नाभी फिरती

ऑरोविलचं सौर स्वयंपाकघर १९९७ साली सुरू झालं. त्याच्या छतावर १५ मीटर व्यासाची एक प्रचंड वाटी बांधली गेली. फेरोसिमेंटच्या या वाटीला आतून हजारो लहान सपाट आरसे बसवले. ही वाटी जागची हलत नाही. तिला हलवणं शक्यही नव्हतं! वाटीचा आकार अन्वस्ताचा नाही, गोलाचा आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

ही गंमत चहाच्या पेल्यात पाहता येते. सकाळचं तिरपं ऊन येत असेल अशा ठिकाणी गुळगुळीत स्टीलचा, सरळ भिंतीचा पेला ठेवा. त्यात अर्ध्यापर्यंत दुधाचा चहा घाला. चहाच्या पृष्ठभागावर एक लखलखीत वक्र रेषा उमटेल. बदामाच्या आकाराला वर जशी खाच असते तसं तिचं टोक आत आलेलं दिसेल. हे टोक पेल्याचा मध्य आणि उन्हापासून दूरची कड यांच्या साधारण अर्ध्यावर असतं. आता पेला जागच्या जागी गोल फिरवा. टोक हलत नाही. मग पेला तसाच ठेवून, खोलीत अंधार करून, विजेरीचा प्रकाश लांबून वेगवेगळ्या बाजूंनी टाका. आता टोक प्रकाशाबरोबर फिरू लागेल.

यावरून काय कळलं? गोलाला ‘पुढची बाजू’ नसते. प्रकाश कुठूनही आला तरी त्याला तो सारखाच दिसतो. म्हणून गोलाकार आरसा सूर्याकडे वळवावा लागत नाही.

दहावीच्या मुलांना नाभीय अंतर त्रिज्येच्या निम्मं असतं हे पाठ असतं. पण हे लहान, उथळ आरशासाठीच खरं आहे. खोल वाटीत कडेला पडणारे किरण त्या बिंदूत येत नाहीत, ते आरशाच्या जास्त जवळ अक्षाला छेदतात. त्यामुळे नाभी एका बिंदूची न राहता एक रेघ होते. केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येवर ती सुरू होते आणि आरशाच्या दिशेने जाते. दुर्बिणीत हा दोष समजला जातो, कारण त्याने चित्र धूसर होतं. पण आपल्याला चित्र नको आहे, उष्णता हवी आहे! या रेघेवर एक लांबट नळकांड्यासारखा बॉयलर टांगायचा आणि सूर्य सरकेल तसा फक्त तेवढा फिरवायचा. ऑरोविलची आखणी अशीच होती. बॉयलरमधून तेल खेळवायचं, तापलेल्या तेलाने पाण्याची वाफ करायची आणि ती वाफ खालच्या स्वयंपाकघरात न्यायची. निरभ्र दिवशी सुमारे एक हजार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक व्हावा, एवढी त्याची क्षमता धरली होती. ढगाळ दिवसांसाठी डिझेलवरचा बॉयलर जोडीला होताच.

दुसरं उत्तर: आरसा फिरता, नाभी स्थिर

वोल्फगांग शेफलर या शास्त्रज्ञाने दुसरं उत्तर शोधलं. त्याचा पहिला नीट चालणारा आरसा १९८६ साली उत्तर केनियात उभा राहिला. त्याने अख्खं अन्वस्त न घेता त्याचा कडेचा एक तुकडा घेतला. त्यामुळे नाभी आरशाच्या समोर न येता एका बाजूला, दूर पडते. मग हा आरसा अशा अक्षावर बसवला की तो अक्ष नाभीतूनच जातो. दार उघडताना फळी फिरते, बिजागरी जागेवर राहते, तसंच हे आहे. आरसा फिरतो, पण नाभी फिरण्याच्या अक्षावरच असल्याने जागची हलत नाही.

हा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. पृथ्वी ज्या वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्याच वेगाने, तासाला १५ अंश, आरसा उलट दिशेला फिरवला की काम झालं. एक साधं घड्याळी यंत्र त्याला पुरतं. ऋतूनुसार सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, त्यासाठी दर काही दिवसांनी आरशाचा कल आणि थोडा बाकही बदलावा लागतो. म्हणून त्याची चौकट मुद्दाम लवचीक ठेवलेली असते.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयासाठी असे ७३ आरसे बसवले. प्रत्येकाचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. रोज सुमारे ३,५०० किलो वाफ मिळावी आणि तिच्यावर साधारण २०,००० भाविकांचा स्वयंपाक व्हावा, अशी ही योजना होती. शिर्डीचं अक्षांश जवळजवळ २० अंश आहे. म्हणजे तिथे अशा आरशाचा अक्ष जमिनीशी २० अंशांचाच कोन करायला हवा. आपल्या गावी हा आरसा बसवला तर अक्ष किती तिरपा ठेवावा लागेल, हे मुलांना नकाशावरून काढायला सांगता येईल. भूगोलातलं अक्षांश स्वयंपाकाला उपयोगी पडतं, याची त्यांना मजा वाटेल.

वाफ का?

उष्णता स्वयंपाकघरापर्यंत न्यायला वाफेइतकं सोयीचं वाहन नाही. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९४ किलोज्यूल लागतात. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल द्यावे लागतात. वाफेचं पुन्हा पाणी होताना ही सगळी उष्णता परत मिळते. स्वयंपाकाच्या भांड्याला दुहेरी भिंत असते. दोन भिंतींच्या मधे वाफ सोडली की ती आतल्या भिंतीवर विरते आणि आपली उष्णता भाताला देऊन टाकते. भांड्याचा तळ सगळीकडे सारखा तापतो, म्हणून वरण तळाशी करपत नाही. धूर आणि काजळीही नाही.

पण वाफेला एक मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. अशा स्वयंपाकघरातली वाफ साधारण दीडशे अंशांची असते. पोळी भाजायला तवा दोनशे अंशांच्या पुढे तापावा लागतो. पुरी-भजी तळायला तेल १७० ते १९० अंशांवर हवं. म्हणजे वाफेवर पोळी होणार नाही आणि पुरीही तळली जाणार नाही. त्यासाठी गॅस पेटवावा लागेल. आपण काय खायला मागतो यावर कोणतं इंधन जळणार हे ठरतं. वरणभात मागणारा आणि छोले-भटुरे मागणारा, दोघं एकाच हिरव्या पाटीखाली बसले तरी त्यांची आच वेगवेगळी असते.

दुसरी मर्यादा आपल्याला पाठच आहे. आरशांना थेट ऊन लागतं. जून ते सप्टेंबर आकाश भरलेलं असतं, तेव्हा गॅसच्या बॉयलरला पर्याय नसतो.

एका ताटाचा हिशेब

आता थोडं गणित करू. ३,५०० किलो वाफेत प्रत्येक किलोमागे सुमारे २,५५० किलोज्यूल धरले, तर रोजची उष्णता झाली सुमारे ८९ लाख किलोज्यूल. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे ४६,००० किलोज्यूल मिळतात. त्यातली ६० टक्के उष्णता कामी येते असं धरू. म्हणजे एवढ्या कामाला रोज सुमारे ३२० किलो गॅस लागला असता, १९ किलोचे जवळजवळ १७ सिलिंडर! वर्षातले २५० दिवस चांगलं ऊन धरलं तर वर्षाला ८० हजार किलो गॅस वाचेल. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला सुमारे २४० टन कार्बन डायऑक्साइड टळतो.

आकडा मोठा आहे. आता तोच एका ताटावर आणू. ३२० किलोला २०,००० ने भागलं तर ताटामागे १६ ग्रॅम गॅस येतो. त्यापासून होणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे ४८ ग्रॅम.

हे ताट जेवायला आपण कसे आलो? लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची मोटार एक लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम. त्या मोटारीत एकटाच माणूस असेल, तर सूर्यावर शिजलेल्या ताटाने वाचवलेले ४८ ग्रॅम पहिल्या तीनशे-सव्वातीनशे मीटरांतच संपले! लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी, ४० प्रवाशांनी भरलेली एसटी धरली तर माणशी किलोमीटरला सुमारे १५ ग्रॅम होतात. तेच ४८ ग्रॅम तिथे तीन किलोमीटर पुरतात.

हा हिशेब पाहून सौर स्वयंपाकघराला हसू नये. त्याची ताकद एका ताटात नाही, वीस हजार ताटांत आणि रोजच्या रोज होण्यात आहे. पण फक्त तिथे जेवून आलो म्हणून आपला प्रवास पर्यावरणस्नेही झाला, असं मात्र म्हणता येणार नाही. ताटाबरोबर वाटही मोजावी लागते.

आणि ताटात उरलेलंही. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम तांदळाचा भात टाकला असं समजा. एक किलो तांदळामागे जगभरच्या सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. त्या मुठीबरोबर सव्वाशे लिटर पाणी गेलं. तो भात गॅसवर शिजला की उन्हावर, याने त्या पाण्यात काही फरक पडत नाही.

जवळचं भोजनगृह

सहलीला निघताना मुलांच्या वहीत चार प्रश्न लिहून द्यावेत. जिथे जेवू तिथे दिवसाला किती सिलिंडर लागतात आणि किती ताटं होतात? जेवणातले शंभर अंशांचे पदार्थ कोणते आणि त्याहून जास्त आच लागणारे कोणते? आपल्या गटाच्या ताटांत एकूण किती अन्न उरलं? आणि इथवर येताना माणशी किती इंधन जळलं? मालकाला किंवा आचाऱ्याला आदराने विचारलं तर बहुतेक जण कौतुकाने सांगतात. कोणी उत्तर टाळलं तर तीही एक नोंदच झाली.

पण हे सगळं करायला शिर्डीपर्यंत जायलाच हवं असं नाही. आपल्या प्रत्येक शाळेत एक भोजनगृह आहेच. तिथे रोज पोषण आहार शिजतो आणि खिचडी तर शंभर अंशांचा अगदी आदर्श पदार्थ आहे. तिथे काही ठिकाणी अजून लाकूड जळतं आणि शिजवणाऱ्या ताईंच्या डोळ्यांत धूर जातो. शाळेला छतावर ७३ आरसे परवडणार नाहीत. मात्र एक गोष्ट सहज करून पाहता येईल. खिचडीला एकदा चांगली उकळी आली, पाण्याचं तापमान १०० अंशांवर गेलं, की पुढची आच मुख्यतः बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यासाठी असते. उष्णता बाहेर गेलीच नाही तर? घरून आणलेल्या छोट्या पातेल्यात भाताला उकळी आणा. चार-पाच मिनिटं उकळू द्या. मग घट्ट झाकण लावून ते पेंढा किंवा जुन्या गोधड्या दाबून भरलेल्या खोक्यात ठेवा आणि वरूनही पेंढ्याने झाका. खोकं मधे उघडायचं नाही. तासाभराने भात शिजलेला मिळेल. तो गरम असतानाच खायचा, तसाच ठेवून द्यायचा नाही.

हाच भात दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पद्धतीने करा. दोन्ही वेळा गॅस किती मिनिटं जळला ते लिहून ठेवा आणि फरक काढा. तो आकडा फळ्यावर लिहिला की पुढच्या सहलीत कुठलीही हिरवी पाटी दिसली तरी मुलं आधी आत डोकावून विचारतील, ‘काका, आज किती सिलिंडर लागले?’